अर्धा फेरा

बोईसरच्या आमच्या खोलीत बसायला खुर्ची नव्हती, युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते. कुणी पाहुणा आला की आई म्हणायची, "बसा त्या बोनसवर," आणि पाहुणा गोंधळून उभाच राहायचा. मग मी सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे ओढून द्यायचे. पंख्याखालचा गठ्ठा कंत्राटी कामगारांचा, दाराजवळचा बोनसचा, आणि ज्यावर बसून मी शाळेचा अभ्यास केला तो सुरक्षेचा. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. 'संघटित' हा शब्द मला 'संत्रं'च्या आधी लिहिता आला, याचं अण्णांना, माझ्या वडिलांना, केवढं कौतुक! सातवीत गेल्यावर ते मला नव्या पत्रकाचा मजकूर सांगायला लागले आणि मी तो सुवाच्य अक्षरात उतरवायला लागले. ते येरझाऱ्या घालत बोलायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "हे खरं आहे ना? सिद्ध करता येईल ना?" मला काय कळणार! पण मी मान हलवायचे. "पत्रकात एक शब्द खोटा गेला, तर उरलेले सगळे शब्द मालकाचे होतात," असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात देव नव्हते. हे एक वाक्य होतं.

दिवसाचे तीन भाग भोंगे पाडायचे. सकाळच्या भोंग्याआधी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, दुपारच्या भोंग्याला गल्लीत सायकलींची खडखड, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर एमआयडीसीकडून येणारा तो वास. कधी सडक्या अंड्यांचा, कधी जळक्या लसणाचा. वास आला की आई बोलणं अर्धवट टाकून आधी भांड्यांवर झाकणं ठेवायची. आम्ही नगरकडचे. आईला मासळीचं वावडं, पण किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मासळीवाल्या हिरामावशीशी तिची गट्टी जमली आणि घरात सुका जवळा शिरला. लसूण-मिरचीचा ठेचा घालून परतलेला जवळा आणि बाजरीची भाकरी, हे जेवण नगरमध्येही नाही आणि नवापूरमध्येही नाही. ते फक्त आमच्या तव्यावर होतं. यशवंतकाकांना ते फार आवडायचं. यशवंतकाका म्हणजे भिंतीपलीकडच्या खोलीतले, अण्णांच्याच कंपनीतले, अण्णांच्याच पाळीतले. जवळ्याचा वास आला की ते भिंतीवर दोनदा टकटक करायचे आणि आई एक भाकरी जास्त टाकायची.

ते कंपनीतल्या टाकीत उतरले आणि जिवंत वर आले नाहीत. कंपनी म्हणाली, मास्क दिला होता, त्यांनी घातला नाही. अण्णांनी पत्रक काढलं: मास्क दिलाच नव्हता. खोटा प्रचार केला म्हणून कंपनीने अण्णांना काढलं, आणि खटला उभा राहिला. म्हणजे भांडण नोकरीचं होतं हे खरं, पण कोर्टापुढचा प्रश्न एकच होता: ते पत्रक खरं की खोटं? ते खरं आहे हे सांगू शकतील अशी तीन माणसं होती. एक गावी निघून गेला. दुसरा फुटला, कंपनीच्या जीपमधून आला आणि आपल्याला काहीच आठवत नाही म्हणाला. उरले देवजीकाका. कंपनीच्या स्टोअरमध्ये हेल्पर होते, पुढे कंटाळून जव्हारच्या वरच्या अंगाला आपल्या पाड्यावर परत गेले होते. तारखांवर तारखा पडल्या, आणि शेवटी आमच्या वकिलांनी सांगितलं की ही अखेरची संधी. त्या दिवशी अकरा वाजता साक्षीदार ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला नाही, तर पुरावा बंद, म्हणजे आमच्या बाजूने पुढे काहीच मांडता येणार नाही.

ज्या गाडीतून त्यांना आणायचं होतं, ती मी चालवत होते. हिरामावशीची जुनी ओम्नी. तिचा नवरा वारल्यापासून तिला ड्रायव्हर हवा होता आणि मला लायसन्स मिळालं होतं. रोज पहाटे मी नवापूरच्या किनाऱ्यावरून टोपल्या भरून बोईसरच्या बाजारात टाकायचे आणि मग कॉलेजला जायचे. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नसे, पण मला त्याचं काही नव्हतं. मी स्वतःला कष्टकरी वर्गात धरत होते आणि मासळीचा वास हा मला त्याचा दाखलाच वाटायचा. गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की कार्ब्युरेटर हाताशी. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून ते इंजिनला पाजणारा हा ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याला एक बारीक स्क्रू असतो. स्क्रू बाहेर फिरवला की पेट्रोल जास्त, आत फिरवला की कमी. हे मला उस्तादने शिकवलं. उस्ताद म्हणजे तारापूर रस्त्यावरच्या गॅरेजवाला, मूळचा उत्तर प्रदेशचा. त्याचं खरं नाव मला कितीतरी उशिरा कळलं. "पुरा अंदर, फिर डेढ चक्कर बाहर. उसके आगे कान से," तो म्हणायचा. मी कान देऊन इंजिन ऐकायचे, स्क्रू केसभर आत घ्यायचे, इंजिन अडखळायला लागलं की थांबायचे. दीडवरून मी ते सव्वावर आणलं, सव्वावरून एकावर. पेट्रोल हिरामावशीचं होतं. दुसऱ्या कष्टकरी बाईचं एक थेंब पेट्रोल वाया घालवायचं नाही, हे माझं तत्त्व, आणि एक फेऱ्यावर ओम्नी नवापूरच्या उन्हात शिवणयंत्रासारखी चालत होती.

थंडीत इंजिन सुरू व्हायला पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी चोक असतो: कार्ब्युरेटरच्या तोंडावरची एक पत्री, पातळ पत्र्याची झडप, जी हवा अडवते. ती आमच्या गाडीला नव्हतीच. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने ती गंजून अडकली होती, तेव्हा उस्तादनेच काढून फेकली होती. नवापूरला चोकचं काय काम? तिथल्या कितीतरी गाड्या बिनचोकच्या फिरायच्या आणि कुणाचं काही अडायचं नाही. आज मी चालवते त्या गाडीत कार्ब्युरेटरच नाही. कसलासा संगणक थंडी मोजतो आणि आपला आपण पेट्रोल ठरवतो. त्याला कुणाचं ऐकावं लागत नाही, आणि न ऐकल्याची शिक्षाही नाही.

निघायच्या दुपारी मी गाडी उस्तादकडे नेली, प्लग साफ करायला. त्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन मी कार्ब्युरेटरवर वाकले होते. तो चहा पीत मागे उभा होता.

"कहाँ जाना है?"

"वर. जव्हारकडे."

"रात रुकोगी? उपर ठंड है बेटी. सुबह नहीं उठेगी ये. एक पुरानी पत्री पडी है, डाल देता हूँ. और स्क्रू आधा चक्कर खोल दे."

त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं. पण त्याच्या दारात कंपनीची जीप उभी होती, बॉनेट उघडून. दुसरा साक्षीदार ज्या जीपमधून आला तीच. आणि माझ्या डोक्यात एकोणीस वर्षांची पत्रकं होती. कुठे जाताय, रात्री थांबणार का, असं हा का विचारतो? गाडीत हात घालायला का मागतो?

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात उस्ताद?" मी विचारलं. "कंपनीच्या गाड्या तुमच्याकडे. मागचा साक्षीदार फुटला तेव्हा हीच जीप इथे होती. आमच्या गाडीला तुमचा हात लागायला नको."

चहाचा उरलेला घोट त्याने जमिनीवर ओतला. "जीप का भी कार्बोरेटर ही होता है," तो म्हणाला. "मैं उसको देखता हूँ. उसमें बैठता कौन है, नहीं देखता." आणि तो जीपकडे वळला. मी स्क्रू आहे तिथेच ठेवला. खरं सांगायचं तर हिशोबाने आणि अभिमानाने ठेवला. एक फेरा.

हिरामावशी किल्ली देताना म्हणाली होती, "गो पोरी, गाडी ने. पन त्या म्हाताऱ्याला नीट आन हां. यशवंता माज्याकडनं बोंबील न्यायचा. त्याच्यासाठी हाय ही गाडी."

आम्ही संध्याकाळी पाड्यावर पोचलो. साक्षीदाराला आदल्या दिवशी एकटं सोडायचं नाही, असं अण्णांनी ठरवलं होतं. देवजीकाकांनी नवीन पांढरा शर्ट काढून दोरीवर टांगून ठेवला होता. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. जेवताना ते अण्णांना म्हणाले, "भाऊ, मना भ्याव नाय. मना येवढंच सांगा, थेट कोर्टाच्या सायबाला सांगायचं का तुमच्या वकिलाला?" अण्णा हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

पहाटे उजाडायच्या बेताला बाहेर आले तर ओम्नीच्या काचेवर दव गोठल्यासारखं जाड झालं होतं. तोंडातून वाफ निघत होती. मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा मारला. अण्णा शेजारी, देवजीकाका मागे, पांढऱ्या शर्टावर घोंगडी घेतलेले. दहाव्यांदा मारल्यावर बॅटरीचा आवाज जड झाला.

"काय झालं नंदा?" अण्णा म्हणाले.

"थंड आहे. होईल."

अण्णांना मी उतरायला लावलं आणि सीट उचलली. काय झालंय ते मला माहीत होतं. त्या क्षणी मला जे माहीत होतं ते अण्णांना माहीत नव्हतं, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून वाकले, म्हणजे त्यांना दिसू नये. देवजीकाकांच्या विळ्याच्या टोकाने तो स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. काल दुपारी कुणीतरी सांगितलं होतं तेवढाच. मग एअर फिल्टर काढला आणि डावा तळवा कार्ब्युरेटरच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. चोक नसेल तर हाताचा चोक करता येतो, हेही उस्तादनेच शिकवलेलं. अण्णांना म्हटलं, "किल्ली फिरवा." इंजिनने माझा तळवा आत ओढला, मला पेट्रोलचा गारवा जाणवला, एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि मग कार्ब्युरेटर उलटा खोकला. भडका माझ्या तळहातावर आला. मी ओरडले. पण हात काढला नाही. "परत!" मी म्हणाले. अण्णांनी परत किल्ली फिरवली. बॅटरीने एकदा कण्हून जीव सोडला.

मग धक्का. पाड्यावरची चार माणसं आली, बायका आल्या. उतारापर्यंत गाडी ढकलली, उतारावरून सोडली, गिअर टाकला, ती आचके देत खाली गेली आणि बंद पडली. पुन्हा वर ढकलली. पुन्हा. तिसऱ्या वेळी देवजीकाका स्वतः उतरून ढकलायला लागले. त्यांचा पांढरा शर्ट खांद्याजवळ काळा झाला. अण्णा घड्याळाकडे बघत आणि मनगट खिशात घालत, आणि पुन्हा काढत. फोनला रेंज नव्हती. एक पोरगा रेंजसाठी टेकडीवर पळत गेला; वकिलांना निरोप पोचला, पण निरोप म्हणजे साक्षीदार नव्हे. जव्हारहून दुसरी गाडी मागवली, ती आलीच नाही. ऊन गाडीच्या टपावर चांगलं चढलं तेव्हा ओम्नी जणू काहीच झालं नव्हतं अशी सुरू झाली.

विक्रमगड, मनोर, हायवे. मी कशी चालवली मला आठवत नाही. तळहाताला आईने भाकरी बांधून दिलेलं फडकं गुंडाळलेलं, स्टिअरिंगला ते चिकटत होतं. अण्णा रस्ताभर एकच म्हणत राहिले, "सायबांना विनंती करू. माणूस आहेत तेही." आम्ही ठाण्याला पोचलो तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टीही होऊन गेली होती. वकील पायऱ्यांवरच भेटले. पुरावा बंद. त्यांनी पुढे अर्ज केला, तो नामंजूर झाला. पुढचं सगळं त्याच वळणाने गेलं, आणि अण्णा पुन्हा कधीही त्या गेटच्या आत गेले नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी फक्त देवजीकाका कॉरिडॉरच्या बाकावर बसले होते, खांद्याला काळा डाग, हात मांडीवर सरळ ठेवलेले, जणू आता नाव पुकारलं जाईल. अण्णांनी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग भाऊ, मी पायलेलं आता कोनाला सांगू?"

अण्णा भिंतीला हात टेकून उभे राहिले. परतताना वाटेत मी वही काढायला लावली आणि देवजीकाकांनी सांगितलं ते अण्णांनी लिहून घेतलं. का, ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. एक माणूस बोलायला निघाला होता, त्याला तसंच परत कसं पाठवायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा उठले, दाढी न करता. "नंदा, कागद घे. पत्रक लिहायचं." आई परातीत पीठ मळत होती. माझ्या डाव्या हाताला हळद-तूप आणि चिंधी, उजव्या हातात पेन. अण्णा येरझाऱ्या घालायला लागले. पहिली दोन वाक्यं मी उतरवली. तिसरं असं होतं: "साक्षीदाराला आणणारी गाडी आदल्याच दिवशी कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्या एका मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये होती, आणि दुसऱ्या दिवशी ती सुरू होऊ नये याची तिथे पद्धतशीर व्यवस्था करण्यात आली."

मी पेन उचललं.

"लिही."

"हे सिद्ध करता येणार नाही, अण्णा."

"सिद्ध काय करायचंय? गाडी त्याच्याकडे होती. सकाळी मेली. सगळ्या कामगारांना कळतं ते."

"खोटं आहे ते."

ते थांबले. "तुला काय माहीत?"

मग मी सांगितलं. एक फेरा, दीड फेरा, नसलेली पत्री, विळ्याचं टोक, पाठ करून केलेलं काम. अण्णा सुरक्षेच्या गठ्ठ्यावर बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तो काय म्हणाला होता? शब्दन् शब्द सांग."

मी सांगितला.

"आणि तू काय म्हणालीस?"

हे जड गेलं. पण सांगितलं. कुणाच्या बाजूचे आहात, इथपासून हात लागायला नको, इथपर्यंत.

"हे असं बोलायला तू शिकलीस कुठे?" अण्णा फार हळू म्हणाले.

"कुठं म्हणजे?" आई परातीतून वर न बघता म्हणाली. "तुम्ही बसलाय त्याच्यावरनंच की."

ते झटकन उठले. खाली गठ्ठ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते आईवर ओरडतील. आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि भिंतीकडे नजर गेली तिची, यशवंतकाकांच्या. तिकडून आता टकटक होत नव्हती, तरी ती रोज एक भाकरी जास्तच टाकत होती. अण्णांनी माझ्या हातातला कागद घेतला, तिसऱ्या वाक्यावर रेघ मारली, मग पहिल्या दोनांवरही. पाणी प्यायले. आणि उभ्या उभ्या सांगायला लागले. या वेळी येरझाऱ्या नव्हत्या.

"साक्षीदार कोर्टात वेळेवर पोचला नाही. चूक आमची. गाडी आमची, हात आमचा, सावध करणाऱ्याचं आम्ही ऐकलं नाही. कंपनीचा यात काही दोष नाही. कंपनीचा दोष जो आहे, तो देवजी यांनी पाहिला आहे. तो त्यांच्याच शब्दांत." थांबून ते म्हणाले, "आता वही काढ. एक शब्द बदलू नकोस."

आमच्या युनियनमधल्या दोघांनी ते छापायला विरोध केला. चूक आमची, हे काय पत्रकात लिहायचं असतं? कंपनीचे लोक हसतील. ते हसलेच. तिसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला आम्ही गेटवर उभे होतो तेव्हा वॉचमनने मोठ्याने वाचून दाखवलं, "चूक आमची!" आणि आतल्यांना टाळी दिली. कितीतरी जणांनी पत्रक घेतलं आणि दोन ओळी वाचून टाकून दिलं. अण्णांच्या हातात मी कधी इतका गठ्ठा उरलेला पाहिला नव्हता. ते तसेच उभे होते, हात पुढे करून.

समोरच्या चहाच्या टपरीवर उस्ताद होता. रोज असायचा. मला रस्ता ओलांडायला वेळ लागला. मी पत्रक पुढे धरलं. त्याने आधी माझ्या चिंधी बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग कागदाकडे.

"इसमें मेरा नाम है?"

"नाही."

तो वाचायला लागला, बोट ओळीखाली फिरवत, ओठ हलवत. बाकावर त्याचे गाववाले बसले होते, कंत्राटावरचे, पहिल्या पाळीचे. "क्या लिखा है उस्ताद?" एकाने विचारलं. तो खाकरला आणि मराठी वाचत वाचत हिंदीत सांगायला लागला. पहिल्या तीन ओळी त्याने मनातच वाचल्या, त्या कुणाला सांगितल्या नाहीत. तिथून देवजीकाका सुरू झाले. मास्क होते, नवे होते, कपाटात ताला लावून ठेवलेले, पिशवीतनं काढलेले पन नव्हते. यशवंता ओला गमचा तोंडाला बांधून उतरला. तो मेल्यावर कपाट उघडलं आणि एक मास्क काढून त्याच्या गळ्यात घातला. मी पायलं. बाकावरच्या एकाने चहाचा ग्लास खाली ठेवला. भोंगा वाजून गेला होता, तरी दुसरा उठला नाही.

उस्ताद पानाच्या तळाशी थांबला. "कपाट को ताला था," तो म्हणाला. "फिर चाबी किसके पास थी?"

इतक्या वर्षांत, इतक्या तारखांना, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"पान उलटा, उस्ताद," मी म्हणाले.